बूटस्ट्रॅप ५ वर गेल्यावर इव्हेंट गप्प झाले: आधी बोलणारे बदला, मग ऐकणारे

प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतला तुमच्या मामांचं कांद्याचं खळं आहे. तिथली आवक, वजन आणि हिशोबपट्टी ठेवणारं वेब ॲप तुम्ही सांभाळता. ॲप मुळात बूटस्ट्रॅप ४ (पानाची तयार बटणं, खिडक्या वगैरे देणारी लायब्ररी) आणि जेक्वेरी (जावास्क्रिप्ट सोपी करणारी जुनी लायब्ररी) यांवर लिहिलेलं. गेल्या आठवड्यात ते बूटस्ट्रॅप ५ वर नेलं, त्याच झपाट्यात फाइली बांधायला वीट आणलं (विठोबाची नव्हे, बंडलर), आणि उजवीकडची बेरजेची पट्टी जेक्वेरीशिवाय, साध्या जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिली. आता 'वजन नोंदवा' दाबलं की मोडल (पानावरच उघडणारी छोटी खिडकी) उघडतो, दिसायला सगळं ठीक. पण कर्सर वजनाच्या रकान्यात जात नाही, रकान्यात आधीच्या ट्रॅक्टरचं वजन तसंच बसलेलं असतं, आणि नवं वजन जतन केलं तरी बेरीज हलत नाही. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका छापतो त्या जागी, एकही लाल ओळ नाही. जुन्या आवृत्तीवर परत जावं की जेक्वेरी मुळासकट उपटावी, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. निदान या आठवड्यात तरी नको.

आधी तातडीचं. कर्सर न जाणं हा त्रास आहे, बेरीज न हलणं ही डोकेदुखी आहे, पण आधीच्या गाडीचं वजन रकान्यात राहणं म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाचे पैसे दुसऱ्याच्या पट्टीवर जाणं. उद्या सकाळचा लिलाव सुरू व्हायच्या आत एवढं करा: एक छोटी वेगळी फाइल काढा, तिच्यात जेक्वेरी आयात (इम्पोर्ट) करा आणि विंडोवर, म्हणजे पानावरच्या सगळ्या कोडला दिसणाऱ्या सामाईक जागी, ठेवा, म्हणजे विंडो डॉट जेक्वेरी आणि विंडो डॉट डॉलर या दोन्ही नावांना तीच जोडा. मग मुख्य फाइलमध्ये सगळ्यात पहिली आयात या फाइलची आणि त्यानंतर बूटस्ट्रॅपची. या दोन ओळी मुख्य फाइलमध्येच लिहून चालत नाही. आयाती आधी पार पडतात आणि तुमच्या ओळी नंतर चालतात, म्हणून वेगळी फाइल. एवढ्याने कर्सर आणि जुनं वजन या दोन्ही तक्रारी बहुतेक मिटतील. बेरीज मात्र मिटणार नाही, कारण तिचं दुखणं वेगळं आहे.

आता हे का झालं ते सांगतो, कारण कारण कळल्याशिवाय पुढच्या वेळी हेच दुसऱ्या कुठल्या लायब्ररीत होईल.

बाजार समितीच्या आवारात दोन भोंगे आहेत असं समजा. एक समितीचा, खांबाखांबावर लावलेला. तो सगळ्यांना ऐकू येतो. दुसरा एका जुन्या व्यापाऱ्याने फक्त आपल्या माणसांसाठी लावलेला. त्या व्यापाऱ्याची माणसं समितीचा भोंगाही ऐकतात, पण त्याच्या भोंग्यावरची हाक इतरांना जात नाही. इव्हेंट म्हणजे 'अमुक घडलं' अशी हाक. समितीचा भोंगा म्हणजे ब्राउझरची स्वतःची इव्हेंट यंत्रणा: ऐकायला ॲडइव्हेंटलिसनर, बोलायला डिस्पॅचइव्हेंट. दुसरा भोंगा म्हणजे जेक्वेरी: ऐकायला ऑन, बोलायला ट्रिगर. जेक्वेरी आपल्या हँडलरांची, म्हणजे हाक ऐकून काम करणाऱ्या फंक्शनांची, यादी स्वतःकडे ठेवते. ट्रिगर म्हटलं की ती ब्राउझरला काही न विचारता आपलीच यादी घेऊन घटकापासून (पानावरचं बटण, मोडल असा एखादा भाग) वरवर दस्तऐवजापर्यंत, म्हणजे अख्ख्या पानापर्यंत, चालत जाते आणि वाटेत भेटेल त्या हँडलरला हाक मारते. ब्राउझरला यातलं काही कळत नाही. उलट ऑन लावताना ती ब्राउझरकडेही आपला एक कान ठेवून येते, त्यामुळे तिकडून आलेली हाक तिला ऐकू येते. म्हणजे रस्ता एकेरी आहे. ही एवढी गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

बूटस्ट्रॅप ४ हे २०१८ साली आलं तेव्हा ते जेक्वेरीवरच चालायचं आणि आपले इव्हेंट फक्त जेक्वेरीच्या भोंग्यावर सांगायचं. तुमचा जुना कोडही जेक्वेरीवर, त्यामुळे दोन भोंगे आहेत हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. मे २०२१ मध्ये बूटस्ट्रॅप ५ आलं आणि जेक्वेरीची सक्ती गेली. ते आता समितीच्या भोंग्यावर नेहमी बोलतं. शिवाय पानावर जेक्वेरी दिसली तर तिच्या भोंग्यावरही बोलतं. 'दिसली तर' म्हणजे काय, इथेच तुमची गाडी अडली आहे. ते फक्त विंडो डॉट जेक्वेरी बघतं, आणि बॉडीच्या टॅगवर 'डेटा-बीएस-नो-जेक्वेरी' हा गुणधर्म नाही ना एवढं बघतं. पूर्वी जेक्वेरी स्क्रिप्टच्या टॅगने यायची तेव्हा ती आपोआप विंडोवर असायची. वीट किंवा वेबपॅकने मॉड्यूल म्हणून बांधली की ती तुमच्या फाइलींना मिळते, विंडोवर मात्र नसते. तुमच्या कोडसाठी जेक्वेरी आहे, बूटस्ट्रॅपसाठी नाही. मोडल उघडतो कारण त्याला जेक्वेरी लागतच नाही. बटणावर तुम्ही 'डेटा-टॉगल'चं 'डेटा-बीएस-टॉगल' केलंत, ते पुरेसं आहे. इव्हेंटही सुटतो, पण तुमचा हँडलर दुसऱ्या भोंग्याखाली उभा आहे.

खात्री करायची तर क्रोमच्या कन्सोलमध्ये विंडो डॉट जेक्वेरी एवढंच टाइप करा. अनडिफाइंड आलं तर निदान झालं.

इथे हुशार वाचक मला अडवेल: जेक्वेरीला ब्राउझरची हाक ऐकू येते असं तुम्हीच म्हणालात, मग बूटस्ट्रॅपने समितीच्या भोंग्यावर 'शोन डॉट बीएस डॉट मोडल' (मोडल उघडून झाल्याची हाक) पुकारलं तर जेक्वेरीच्या ऑनला ते ऐकू का आलं नाही? याचं उत्तर त्या टिंबांत आहे. जेक्वेरीच्या लेखी पहिल्या टिंबाआधीचा शब्द म्हणजे इव्हेंट, आणि टिंबानंतरचं सगळं म्हणजे नेमस्पेस, आडनावासारखं. तुम्ही 'शोन डॉट बीएस डॉट मोडल' असं लिहिलंत की ती ब्राउझरकडे जाऊन फक्त 'शोन' नावाला कान लावते. ब्राउझरला आडनाव वगैरे काही माहीत नाही. त्याच्यासाठी टिंबांसकट ती सगळी अक्षरं मिळून एकच नाव. एक 'शोन'ची वाट बघतोय, दुसरा 'शोन डॉट बीएस डॉट मोडल' म्हणून ओरडतोय. समोरासमोर उभे असून भेट नाही. म्हणूनच बूटस्ट्रॅप ५ ला जेक्वेरीसाठी वेगळी हाक मारावी लागते, आणि ती विंडोवर सापडली नाही की ती हाकही नाही.

यावरून एक नियम स्वतःसाठी लिहून ठेवा: आपल्या स्वतःच्या इव्हेंटच्या नावात टिंब घालायचं नाही. कोलन घाला. कोलनचा आणखी एक फायदा आहे, तो मला बराच उशिरा कळला. जेक्वेरीचा ट्रिगर हँडलर चालवून झाले की घटकावर त्याच नावाची मेथड (घटकाचं स्वतःचं फंक्शन) आहे का ते बघतो, आणि असली तर तीही चालवतो. कुणी आपल्या इव्हेंटला 'रिमूव्ह' असं नाव दिलं आणि टेबलाच्या ओळीवर ट्रिगर केलं, तर हँडलर चालून झाल्यावर ती ओळच पानावरून नाहीशी होते. शोधत बसा कोणी काढली. नावात कोलन असेल तर हा उद्योग जेक्वेरी करत नाही.

आणि नावं मराठीत द्यावीत का? ब्राउझरला काही फरक पडत नाही, 'वजन:नोंदलं' हे नाव त्याला बिनतक्रार चालतं. पण मी देत नाही. 'शेतकऱ्याचा' या शब्दातलं ऱ्य दोन-तीन प्रकारे टाइप होतं: कुणाच्या कळफलकावर ऱ हे एकच अक्षर येतं, कुणाच्या र आणि खाली नुक्ता, कुणाच्या र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडणारा वर्ण. डोळ्याला सारखंच दिसतं, संगणकाला वेगळं. एका फाइलीत एक आणि दुसरीत दुसरं आलं की परत तेच: समोरासमोर उभे, भेट नाही. स्क्रीनवरचा मजकूर मराठीत ठेवा, कोडमधली नावं रोमन लिपीत. 'वजन' हे रोमन अक्षरांत लिहिलं तरी मराठीच राहतं.

थोडं विषयांतर, पण तुमच्यासाठी महत्त्वाचं. रकाने रिकामे करणं आणि कर्सर नेणं ही दोन्ही कामं तुम्ही 'शोन'च्या हँडलरमध्ये ठेवली आहेत. कर्सरचं तिथेच हवं. ऑटोफोकस हा एचटीएमएलचा गुणधर्म बूटस्ट्रॅपच्या मोडलमध्ये चालत नाही, तेव्हा हाताने फोकस द्यावाच लागतो. रिकामं करणं मात्र 'शो'मध्ये हलवा. 'शो' उघडायला सुरुवात होताच येतो, 'शोन' सरकत येण्याची हालचाल संपल्यावर, म्हणजे साधारण ०.३ सेकंदाने. आपल्याला ०.३ सेकंद म्हणजे काहीच नाही. पण काट्याची चिठ्ठी हातात घेऊन टॅब्लेटवर बसलेला दिवाणजी, ज्याचा हात बसलाय, तो मोडल थांबायच्या आत रकान्यावर बोट ठेवून पहिला आकडा दाबून मोकळा होतो. मग 'शोन' येतो आणि रकाना पुसतो. २१४० किलोतला २ गेला, नोंद झाली १४० ची. दोन हजार किलो, वीस क्विंटल. पंधराशेचा भाव धरला तरी तीस हजार रुपये एका आकड्यात गेले. हा दोष जुन्या आवृत्तीतही होता, फक्त अजून कुणाच्या पट्टीवर उतरला नसेल.

आता बेरजेकडे वळू. जतन झाल्यावर तुमचा जुना कोड मोडलवर जेक्वेरीच्या ट्रिगरने 'वजन:नोंदलं' असा तुमचा स्वतःचा इव्हेंट सोडतो. नवी बेरजेची पट्टी दस्तऐवजावर ॲडइव्हेंटलिसनर लावून बसली आहे. एकेरी रस्त्याची उलटी दिशा. जेक्वेरी विंडोवर आणली तरी इथे काही फरक पडत नाही. ती बूटस्ट्रॅपची गरज होती, इथे बोलणाराच तुमचा आहे.

ट्रिगरच्या जागी कस्टमइव्हेंट तयार करून डिस्पॅचइव्हेंटने सोडा, एवढं कोणीही सांगेल. पण नुसती अदलाबदल केलीत तर तीन ठिकाणी ठेचकाळाल.

पहिली ठेच: जेक्वेरीचा इव्हेंट न सांगता वर चढतो, मोडलपासून बॉडीपर्यंत आणि पुढे दस्तऐवजापर्यंत. ब्राउझरचा कस्टमइव्हेंट सांगितल्याशिवाय चढत नाही. बनवताना 'बबल्स' खरं असं लिहिलं नाही तर तो जिथे सोडला तिथेच विरतो. तुमची पट्टी दस्तऐवजावर कान लावून बसलेली, म्हणजे तिला परत काहीच ऐकू येणार नाही, आणि तुम्ही म्हणाल, बदलून पण बघितलं, होत नाही. मी अशा कोडवर एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे आणि शेवटी बदल होता तो एका शब्दाचा.

दुसरी ठेच: सोबत पाठवायची माहिती. ट्रिगरला दुसरं काही दिलं की ते हँडलरला इव्हेंटच्या मागोमाग वेगवेगळ्या पॅरामीटर म्हणून मिळतं. तुमच्याकडे गाडी क्रमांक आणि वजन असं मिळत असणार. कस्टमइव्हेंटमध्ये सगळं 'डीटेल' नावाच्या एकाच कप्प्यात जातं. म्हणून तिथे एक ऑब्जेक्ट ठेवा, गाडी आणि वजन नावानिशी. जुने जेक्वेरीचे हँडलर हाच इव्हेंट ऐकत असतील तर त्यांना ते ओरिजिनलइव्हेंट डॉट डीटेलमध्ये मिळेल. जेक्वेरीच्या कोणत्याही आवृत्तीत हा मार्ग चालतो, म्हणून मी तोच वापरतो.

तिसरी ठेच सगळ्यात चोरटी आहे. जेक्वेरीच्या हँडलरमधून 'रिटर्न फॉल्स' केलं की दोन कामं एकदम होतात: मूळ क्रिया थांबते आणि इव्हेंट वर चढायचा थांबतो. ॲडइव्हेंटलिसनरच्या हँडलरमध्ये 'रिटर्न फॉल्स' केलं तर काहीही होत नाही. काहीही म्हणजे काहीही. लिहिलं काय, न लिहिलं काय. 'वजन शून्य असेल तर जतन करू नको' अशी अडवणूक तुम्ही या मार्गाने केली असेल, तर ती हँडलर बदलल्याच्या क्षणी उठते, आणि शून्य वजनाची नोंद खुशाल आत जाते. तिथे प्रिव्हेंटडिफॉल्ट लिहावं लागतं, आणि तेही चालण्यासाठी इव्हेंट बनवताना 'कॅन्सलेबल' खरं द्यावं लागतं. मग डिस्पॅचइव्हेंट स्वतःच खरं-खोटं परत देतो: कुणी अडवलं असेल तर खोटं. जतन करणाऱ्या कोडने ते उत्तर बघून थांबायचं.

एक बारकावा आणखी. ट्रिगरने चालवलेल्या एखाद्या हँडलरमध्ये चूक होऊन एरर फुटला तर तो ट्रिगर करणाऱ्यापर्यंत उसळतो आणि पुढचे हँडलर चालतच नाहीत. डिस्पॅचइव्हेंटमध्ये एकाचा एरर कन्सोलमध्ये छापला जातो, बाकीचे हँडलर आणि सोडणारा कोड पुढे चालू राहतो. मला हे दुसरं वागणं आवडतं. पण 'हँडलर फुटला तर जतन थांबेल' या भरवशावर कुणी ट्रायकॅच (एरर पकडणारा कोड) लिहिलं असेल, तर ते आता नुसतं शोभेचं आहे.

मग बदल कोणत्या क्रमाने करायचे? बहुतेक जण ऐकणाऱ्यांपासून सुरुवात करतात. एक फाइल उघडली, दिसला ऑन, केला ॲडइव्हेंटलिसनर, पुढची फाइल. तुम्हीही बेरजेच्या पट्टीत तेच केलंत. ऐकणारा समितीच्या भोंग्याखाली नेऊन उभा केला आणि बोलणारा जुन्याच भोंग्यावर राहिला. क्रम उलटा हवा: बोलणारे आधी बदला, ऐकणारे नंतर. बोलणारा डिस्पॅचइव्हेंटवर आला की नावात टिंब नसेल तर जुने जेक्वेरीचे ऐकणारे आणि नवे साधे ऐकणारे, दोघांनाही तो ऐकू येतो. मधल्या काळात ॲप चालू राहतं. मग ऐकणारे तुमच्या सवडीने, आज एक, द्राक्षाच्या हंगामानंतर एक, असे बदला. बोलणारा बदलताना त्या एका इव्हेंटच्या सगळ्या ऐकणाऱ्यांत माहिती कुठून घ्यायची ती ओळ आणि असतील तिथले 'रिटर्न फॉल्स' मात्र त्याच दिवशी दुरुस्त करावे लागतात, नाहीतर वजनाच्या जागी अनडिफाइंड येईल.

यासाठी मी अजूनही पाठकोरा कागद वापरतो. पूर्ण प्रकल्पात ट्रिगर, ट्रिगरहँडलर, डिस्पॅचइव्हेंट, ऑन, वन आणि ॲडइव्हेंटलिसनर हे शब्द शोधायचे आणि चार रकाने भरायचे: नाव, बोलतो कोण, ऐकतो कोण, सोबत काय जातं. तुमच्या ॲपच्या आकाराला एक तास पुरे. या कागदावर हमखास दोन गोष्टी सापडतात: एक असा इव्हेंट जो कुणीच ऐकत नाही, आणि एक असा हँडलर ज्याचा इव्हेंट कुणीच सोडत नाही. दुसऱ्या प्रकारचा सापडला तर घाईने पुसू नका. तो कुठल्यातरी लायब्ररीचा असू शकतो.

उदाहरणार्थ सिलेक्ट२. गाव आणि शेतकरी निवडायच्या शोधयादीला तुम्ही तेच वापरताय असं प्रश्नात आहे. सिलेक्ट२ जेक्वेरीवर उभं आहे आणि त्याचे इव्हेंट जेक्वेरीच्याच भोंग्यावर येतात, अगदी साधा 'चेंज'सुद्धा. इथे लोक फसतात, कारण 'चेंज' हा तर ब्राउझरचा स्वतःचा इव्हेंट, तो ऐकू यायलाच हवा असं वाटतं. पण जेक्वेरीने ट्रिगर केलेला 'चेंज' ॲडइव्हेंटलिसनरला जात नाही. 'क्लिक' जातो, कारण घटकावर क्लिक नावाची मेथड असते आणि जेक्वेरी ती चालवते; चेंज नावाची मेथड नसते. जोवर सिलेक्ट२ आहे तोवर त्या दोन रकान्यांचे हँडलर जेक्वेरीच्या ऑननेच लावा, आणि त्याच्या आतून पुढे आपला साधा इव्हेंट सोडा. म्हणून मी म्हटलं, जेक्वेरी उपटायची घाई नको.

आता माझी फजिती, म्हणजे दुसऱ्या बाजूचा खड्डाही दिसेल. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाउससाठी मी पेटीचं वजन आणि लेबलचं ॲप केलं होतं. वजनाचा मोडल बंद झाला की, म्हणजे 'हिडन' आला की, लेबल छापायचं. बूटस्ट्रॅप ५ वर नेताना मी छपाईचा हँडलर ॲडइव्हेंटलिसनरने नव्याने लिहिला. जुना, जेक्वेरीच्या ऑनचा, वेगळ्या फाइलीत राहून गेला. पानावर जेक्वेरी स्क्रिप्टच्या टॅगनेच येत होती, म्हणजे विंडोवर होती. बूटस्ट्रॅप ५ दोन्ही भोंग्यांवर बोलतं ना? मग दोन्ही हँडलर चालले. माझ्या टेबलावर प्रिंटर नव्हता, मोडल बंद होतोय एवढं बघून मी समाधानी. तिकडे लेबलं चिकटवणाऱ्या ताईंनी पाचव्या-सहाव्या पेटीला हाक मारली, "साहेब, एकीला दोन-दोन निघतायत." ज्यादा लेबल फाडून टाकता आलं असतं, पण पेटीचा अनुक्रमांक प्रत्येक छपाईला एकाने वाढत होता, त्यामुळे पेट्या १, ३, ५ अशा पळत सुटल्या होत्या. त्या रात्री आम्ही पॅलेटवरच्या पेट्या हाताने मोजल्या. तेव्हापासून हँडलर नवा लिहिला की जुना त्याच क्षणी काढतो, 'नंतर काढू' म्हणून ठेवत नाही.

तुमच्याकडे उद्या विंडोवर जेक्वेरी आली की नेमकी हीच शक्यता उघडते. तेव्हा त्याआधी बघा, प्रश्न सोडवण्याच्या खटपटीत 'शोन'साठी कुठे ॲडइव्हेंटलिसनर लावून ठेवला नाही ना. ब्राउझरच्या यादीसाठी क्रोमच्या कन्सोलमध्ये गेटइव्हेंटलिसनर्स हे फंक्शन आहे, त्याला मोडलचा घटक द्या. जेक्वेरीची यादी त्यात नीट उलगडत नाही, तिथे फक्त तिचा एक सामाईक कान दिसतो. तिच्यासाठी डॉलर डॉट अंडरस्कोअर डेटा, त्याला घटक आणि 'इव्हेंट्स' हा शब्द. हे जेक्वेरीच्या आतलं फंक्शन आहे, तपासापुरतं वापरा, कोडमध्ये ठेवू नका.

किरकोळ दोन गोष्टी. नेमस्पेस वापरून तुम्ही पावतीचे सगळे हँडलर एका ऑफने काढत असाल तर साध्या जावास्क्रिप्टमध्ये ते काम ॲबॉर्टकंट्रोलर करतो: सगळ्या ॲडइव्हेंटलिसनरना एकच सिग्नल द्या, ॲबॉर्ट म्हटलं की सगळे एकदम सुटतात. आणि टेबलाच्या ओळींसाठी ऑनमध्ये मधला सिलेक्टर देऊन जे करता, ते टेबलावर एकच लिसनर लावून आत इव्हेंट डॉट टार्गेट डॉट क्लोजेस्टने ओळ शोधून करा. इव्हेंट वर चढतात हे इथे कामी येतं, तसंच कधी अंगावरही येतं: घड्या होणाऱ्या भागात दुसरा घडीचा भाग असेल तर आतल्याचा 'हिडन' बाहेरच्याच्या हँडलरलाही जाऊन पोचतो. तिथे टार्गेट आणि करंटटार्गेट एकच आहेत का ते बघून मग पुढे जा.

शेवटची परीक्षा अशी. कागदावरचे बोलणारे बदलून झाले, बूटस्ट्रॅपच्या इव्हेंटचे ऐकणारेही ॲडइव्हेंटलिसनरवर नेऊन झाले, की लिलाव बंद असेल अशा एखाद्या दिवशी बॉडीच्या टॅगवर 'डेटा-बीएस-नो-जेक्वेरी' लावा. जेक्वेरी पानावर राहील, सिलेक्ट२ चालू राहील, पण बूटस्ट्रॅप तिच्या भोंग्यावर बोलणं बंद करेल. मग मामांच्या दिवाणजींना शेजारी बसवून कालच्या दहा चिठ्ठ्या पुन्हा नोंदवा: गाडी आली, वजन, जतन, बेरीज, पट्टी. जिथे स्क्रीन गप्प राहील तिथे एक ऑन अजून दडून बसलेला आहे. कुठे डॉलर-मोडलची मेथडच सापडत नाही असा एरर आला तर घाबरू नका, त्या गुणधर्माने तीही जाते. तिथे बूटस्ट्रॅपच्या मोडल क्लासची गेटऑरक्रिएटइन्स्टन्स वापरून शो म्हणा. दहाच्या दहा चिठ्ठ्यांची बेरीज कालच्या वहीशी जुळली की तो गुणधर्म तसाच राहू द्या.